अकरा नावांचं सुकाणू

मी विमानावर बसलो.

'विमानात' म्हणायचं असेल, अशी मनातल्या मनात दुरुस्ती करून पुढे जाऊ नका. मेश्रामांच्या व्हरांड्यात दोन स्टुलांवर आडवी ठेवलेली, पांढऱ्या कापडानं घट्ट मढवलेली, पुरुषभर लांबीची एक वस्तू होती. आतून त्यांची मुलगी पिंकी म्हणाली, "बैठिए अंकल, पापा आ ही रहे हैं." आता लखनऊत कुणी इतक्या अदबीनं बसा म्हटल्यावर उभं राहणं म्हणजे त्या घराचा अपमान. शेजारी बसायला मोडा, म्हणजे वेताचं स्टूल, होतं हे मला नंतर कळलं. मला तो नवी चादर घातलेला दिवाण वाटला. बसलो. चादर क्षणभर डग्ग्यासारखी घुमली, खालून दोन काड्या मोडल्याचा आवाज आला, आणि मी कापडातून सावकाश जमिनीकडे निघालो.

हे २००८ सालचं. आमच्या औषध-संशोधन संस्थेच्या नव्या इमारती जानकीपुरमच्या पुढे होणार म्हणून मी लखनऊच्याच महानगर नावाच्या वस्तीतलं बिऱ्हाड मोडून तिकडे राहायला गेलो होतो. गल्लीत आणखी एक मराठी घर आहे असं दूधवाल्यानं सांगितलं, म्हणून ओळख करून घ्यायला गेलो. ती अशी झाली.

रावसाहेब मेश्राम हात पुसत बाहेर आले. साठी उलटलेली, अंगानं काटक, बनियनवर चंदेरी ठिपके. माझी कंबर त्यांच्या विमानाच्या शेपटीत अडकलेली आणि पाय हवेत. त्यांनी मला बाहेर काढायची कसलीही घाई केली नाही.

"किती वेळ टिकलं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"तुम्ही बसले, अन् मग मोडलं. मधात किती गेला?"

"पाच-सहा सेकंद असतील."

"वजन?"

"एक्क्याऐंशी."

त्यांनी कानावरची पेन्सिल काढून भिंतीवर लिहिलं: ८१ किलो, ६ सेकंद. मग मला हात दिला आणि आत वळून म्हणाले, "शैला, चहा टाक. डॉक्टरले उभ्यानंच दे."

दूधवाल्यानं तिकडेही माझी वर्दी दिली होती. पण मी डॉक्टर आहे तो उंदरांच्या यकृताचा, हे मी त्यांना पुढे अनेकदा सांगितलं. काही उपयोग झाला नाही. त्यांच्या पत्नी शैलाताई तर मला गुडघे दाखवत.

रावसाहेब ही पदवी नव्हे, नाव. वडील भंडाऱ्याकडचे, रेल्वेत गँगमन. आपल्या पोराला जग साहेब म्हणणार नाही याची त्यांना अनुभवानं खात्री होती, म्हणून त्यांनी बारशालाच सोय करून ठेवली. हाक मारायची तर म्हणावंच लागेल! रावसाहेबांच्या चौतीस वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांनी त्यावर सरकारी तोडगा काढला आणि त्यांना शेवटपर्यंत 'मेश्राम' म्हटलं.

नोकरी एका सरकारी हवाई प्रशिक्षण केंद्राच्या हँगरमध्ये, कापडखात्यात. विमानाला कापडखातं असतं हे मला माहीत नव्हतं. तुम्हालाही नसेल, म्हणून सांगतो. जुन्या पद्धतीच्या लहान विमानांचे पंख आणि शेपूट म्हणजे लाकडाच्या फासळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ताणलेलं कापड. कापड चिकटवायचं, इस्त्रीनं तापवून आवळायचं, फासळ्यांना दोऱ्यानं टाके घालायचे आणि मग वर 'डोप' नावाच्या उग्र वासाच्या रोगणाचे हातांवर हात द्यायचे. या डोपनं कापडाचा ढोल होतो. त्यावर ॲल्युमिनियमची भुकटी घातलेले चंदेरी हात, आणि हौस असेल तर सगळ्यात वर रंग. रावसाहेब या कामात इतके तरबेज होते, की टिचकी मारून आवाजावरून कितवा हात झालाय ते सांगत. मग केंद्रात पत्र्याची विमानं आली आणि कापडखातं बंद झालं. कामगार बंद करता येत नसल्यानं शेवटची सात वर्षं रावसाहेबांनी साहेबांच्या मोटारींना सीटकव्हरं शिवली. उत्तम शिवली. एका साहेबांनी बदलीच्या वेळी मोटार विकली, कव्हरं काढून नेली.

निवृत्त झाल्यावर लोक बागेत मिरच्या लावतात. रावसाहेबांनी गॅरेजात विमान लावलं. एका माणसाचं, छोटं. का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "शिवून शिवून कंटाळा आला होता सीटा."

विमान बांधणं सोपं होतं, अवघड होती ती त्याची परवानगी. अर्ज २००७ सालचा. कुठल्या खात्याकडे, ते सांगत नाही. त्या खात्यात अजून ओळखी लागतील. अर्जाचा नमुना मुळात दुसऱ्याच कशाचा तरी असावा, कारण त्यात 'पालकाचे नाव' असा रकाना होता. रावसाहेबांनी विमानाचे पालक म्हणून स्वतःचं नाव लिहिलं. तो अर्ज परत आला. आईचं नाव राहिलं होतं. शैलाताईंनी सही केली. मग पाच वर्षं पत्रं आली आणि गेली, आणि २०१२ च्या जूनमध्ये खरंखुरं पत्र आलं. विमानाचं रिकामं वजन दोनशे दहा किलोच्या आत भरलं पाहिजे. तपासनीस येऊन स्वतः तोलतील. हे तीस सप्टेंबरच्या आत झालं नाही किंवा वजन जास्त भरलं तर फाईल बंद, आणि पुन्हा पहिल्यापासून अर्ज.

रावसाहेब त्या साली सहासष्ट वर्षांचे. आणखी पाच वर्षं पालकाच्या रकान्यात बसण्याची त्यांची तयारी नव्हती.

"किती भरतंय आत्ता?" मी विचारलं.

"रंग सोडून दोनशे नऊ."

"मग एक किलो आहे की हातात!"

"एक किलोत तुम्ही काय रंगवता, डॉक्टर?"

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की रंगालाही वजन असतं. मी प्रयोगशाळेत मिलिग्रॅमच्या हिशेबात आयुष्य काढलेला माणूस. पण घराला रंग दिल्यावर घर जड झालं असं कधी मनात आलं नव्हतं. रावसाहेबांनी माझी शिकवणी घेतली. डोपचे पहिले हात ब्रशनं द्यायचे, म्हणजे रोगण कापडाच्या विणीत शिरतं. दोन हातांच्या मध्ये रेगमाल, म्हणजे पाणी लावून घासायचा कागद. फासळीच्या कडेवर रेगमाल जपून, नाहीतर डोपबरोबर कापडही जातं. मग चंदेरी. ती शोभेसाठी नसते. उन्हानं कापड कुजतं, त्याला आडोसा म्हणून असते.

"अन् वरून लाल-निळा?" मी विचारलं.

"तो लोकांसाठी. चंदेरी कापडासाठी." म्हणून त्यांच्या विमानाला लाल-निळा नव्हताच. चंदेरीवर काम थांबणार होतं, आणि परवानगीचे क्रमांक रंगवण्यापुरते दीडशे ग्रॅम त्यांनी वेगळे राखून ठेवले होते.

लखनऊचा पावसाळा मात्र डोपचा वैरी. हवेत ओल वाढली की डोप वाळता वाळता पांढुरकं पडतं आणि त्याची ताकद जाते. म्हणून मला काम मिळालं. संस्थेतलं जुनं आर्द्रतामापक मी गॅरेजात टांगलं आणि सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहू लागलो. आकडा खाली आला की रावसाहेब ब्रश उचलत. डोपचा वास गल्लीभर जाई. समोरचे तिवारीजी बरेच दिवस, आत नकली अत्तराचा कारखाना आहे अशी समजूत करून घेऊन होते. विमान आहे असं कळल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. म्हणाले, "चलो, कोई गैरकानूनी काम नहीं है."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मी मंडळात बोललो.

आमचं मराठी स्नेहवर्धक मंडळ. मी त्याचा सचिव. मंडळाच्या कुटुंबसूचीत लखनऊतली दोनशे बारा मराठी घरं आहेत. मेश्रामांचं घर त्यांत नव्हतं. हे कसं, असं मी अध्यक्ष लक्ष्मीकांतरावांना एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "राहून गेलं असेल." पुढच्या आवृत्तीतही राहून गेलं. काही घरं तीस-तीस वर्षं सलग राहून जातात. ती नेमकी कुठली, याचा एक नियम असतो, पण तो मंडळाच्या घटनेत लिहिलेला नसल्यानं ठराव करून बदलता येत नाही. सूची माझ्याच कपाटात होती, हेही सांगून टाकतो.

पण 'विमान' शब्द ऐकल्याबरोबर लक्ष्मीकांतराव खुर्चीत पुढे सरकले. "आपला माणूस? विमान? आणि आपल्याला पत्ता नाही?" पंधरा मिनिटांत ते आपलं विमान झालं. अर्ध्या तासात त्याच्यावर मंडळाचं नाव घालायचं ठरलं.

यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण आमची ती रीतच आहे. मंडळाच्या सभागृहात नऊ पंखे आहेत आणि प्रत्येकाच्या तिन्ही पात्यांवर देणगीदाराचं नाव आहे. पंखा सुरू झाला की नाव वाचता येत नाही, म्हणून दोन देणगीदार कार्यक्रमाला आले की ऐन जूनमध्ये पंखा बंद करायला लावतात. ताटं, सतरंज्या, भिंतीवरचं घड्याळ, पाण्याची टाकी, सगळ्यांवर नावं आहेत. विमान तेवढं राहिलं होतं.

रावसाहेबांना विचारायला मीच गेलो. ते म्हणाले, "नाही जी. वजन आहे त्याले."

मी हे मंडळात जसंच्या तसं सांगितलं. लक्ष्मीकांतराव गहिवरले. "बघा, किती संकोची माणूस!"

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रावसाहेबांना दिल्लीचं बोलावणं आलं. पत्रावर एक शिक्का होता, तो शिक्का बरोबर बसल्याचा दुसरा शिक्का हवा होता. शैलाताईंची बहीण तिकडे, म्हणून त्याही गेल्या. पिंकी दिवसभर हज़रतगंजच्या बँकेत. गॅरेजची किल्ली माझ्याकडे देऊन रावसाहेब म्हणाले, "ओल लिहीत जा. बाकी कशाले हात लावू नका."

मी हात लावला नाही. मी फक्त दार उघडलं.

दुपारी बारा वाजता लक्ष्मीकांतराव, दोन सदस्य आणि लखनऊतल्याच कपूरथला वस्तीतले मोहन पेंटर असे चौघं आले. विमानाच्या शेपटीचं उभं सुकाणू, ज्यानं ते डावी-उजवीकडे वळतं, चंदेरीचा शेवटचा हात होऊन छताच्या आकड्याला टांगलं होतं. माणसाच्या छातीइतकं उंच, दोन्ही बाजूंनी सपाट, गुळगुळीत. खरं सांगायचं तर नावं लिहायला त्याच्याइतकी सुंदर जागा साऱ्या उत्तर प्रदेशात नव्हती.

मी विरोध केला. निदान तोंड उघडलं. एवढ्यात लक्ष्मीकांतराव म्हणाले, "सचिवांचं नाव तिसऱ्या ओळीत येतंय," आणि मी तोंड मिटलं.

मोहन पेंटर हे मोठे कलावंत. त्या साली निवडणुका होऊन गेल्या होत्या आणि अर्ध्या शहराच्या भिंतींवर त्यांचं अक्षर होतं. त्यांनी सुकाणूवर लांबूनच हात फिरवल्यासारखं केलं. "क्या सतह है जनाब, मक्खन!" मग जरा थांबून म्हणाले, "ये उड़ेगा?"

"हाँ हाँ, उड़ेगा," लक्ष्मीकांतराव म्हणाले.

"तो फिर पढ़ेगा कौन?"

हा प्रश्न कार्यकारिणीच्या तीन सभांत कुणालाही सुचला नव्हता. लक्ष्मीकांतरावांनी चार सेकंद विचार केला. "पहले फोटो निकलेगा," ते म्हणाले.

मग काम सुरू झालं. घराच्या खिडक्या-दारांना लावतात तो ऑइलपेंट, आणि तोही सढळ हातानं, कारण मोहन पेंटरांना कंजुषीचं काम आवडत नाही. वर मंडळाचं बोधचिन्ह: उगवता सूर्य, सूर्यात समई, समईखाली उघडं पुस्तक. भोवती केशरी किनार. मग अकरा नावं, हुद्द्यांसकट. उपाध्यक्षांनी फोन करून विचारलं की विमान वळताना त्यांचं नाव खाली तर येणार नाही ना. महिला विभागाच्या गीताताईंच्या नावात 'सौ.' राहिलं होतं, ते मागाहून वर बसवलं. तळाशी थोडी जागा उरली. ती वाया कशी घालवायची, म्हणून 'सभागृह शुभकार्यासाठी मिळेल' एवढं आलं. सुकाणूला दोन बाजू असतात. दोन्ही बाजूंना आलं.

संध्याकाळी मी वहीत ओल लिहिली. एकोणऐंशी. तिसऱ्या ओळीतलं माझं नाव फार देखणं दिसत होतं, हेही कबूल करतो. मी त्याच्याकडे दोनदा वळून पाहिलं.

सतरा तारखेला सकाळी रावसाहेब स्टेशनवरून थेट गॅरेजात गेले. मी आधीच जाऊन उभा होतो. पाच दिवसांत तोंडपाठ केलेली तीन-चार वाक्यं माझ्याजवळ होती. त्यांनी एकही बोलू दिलं नाही. चष्मा लावला आणि पहिल्यापासून अकराव्यापर्यंत सगळी नावं वाचली. मग मागच्या बाजूला जाऊन, ती तीच आहेत ना, हे पुन्हा वाचलं.

"गीता कोण?"

"महिला विभाग."

"अच्छा."

त्यांनी रद्दीवाल्याकडून आणलेला काटा काढला, सुकाणू आकड्यावरून उतरवून त्यावर ठेवलं आणि भिंतीवरच्या जुन्या आकड्याशी ताडून पाहिलं.

"चारशे दहा ग्रॅम वाढलं." पेन्सिलीनं भागाकार केला. "माणशी सदतीस. अध्यक्षांचे पन्नास धरा, अक्षर मोठं आहे."

"एकूण वजनात बसेल ना हो?" मी विचारलं. "म्हणजे, ओढूनताणून?"

"एकूण नाही पाहायचं. हे कुठं वाढलं ते पाहा." त्यांनी सुकाणू उचलून बिजागरीपाशी आडवं धरलं आणि हळूच हलवून दाखवलं. ते जडपणानं एका बाजूला लोंबलं. "बिजागरीच्या मागं वजन झालं की हे वाऱ्यात थरथरते. वाऱ्यानं दार आपटते ना घरात, तसं. फक्त हे एका सेकंदात वीसदा आपटते. पहिले शेपूट जाते. मग माणूस."

मी खिशातून रुमाल काढला.

"पुसता येईल का?" मी म्हटलं.

"पुसाले थिनर लागते. थिनर डोपही खाऊन टाकते." त्यांनी खणातून ब्लेड काढलं आणि माझ्या हातात दिलं. "कापा."

"मी?"

"तिसऱ्या ओळीपासून करा सुरू."

ताणलेलं कापड ब्लेड लागताच फटकन फाटतं, आणि आवाज असा येतो की आपण काहीतरी सजीव कापतोय. मी स्वतःचं नाव मधोमध कापलं. मग उपसचिव, मग खजिनदार. अध्यक्षांपाशी हात थोडा थबकला, पण रावसाहेब बघत होते.

तपासनीस येणार होते एकोणतीस तारखेला. बारा दिवस होते; त्यांत नवं कापड, टाके, डोपचे हात, चंदेरीचे हात, आणि प्रत्येक हाताला वाळायला कोरडी हवा. सप्टेंबरातल्या लखनऊत कोरडी हवा फक्त सरकारी उत्तरांत असते.

कापड चढलं. शैलाताईंनी इस्त्री घेतली. घरातली इस्त्री हाच विमानबांधणीतला सगळ्यात नाजूक यंत्रभाग होता आणि तो दुसऱ्या कुणाच्या हाती देण्याची पद्धत नव्हती. मग लांब वाकडी सुई घेऊन त्यांनी टाके घातले. प्रत्येक टाक्याची गाठ वेगळी बांधायची. एक तुटली तर शेजारची उसवू नये म्हणून. अठ्ठावन्न गाठी. एकदाही मान वर न करता त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या मंडळाच्या बायका रांगोळी काढतात ना?"

"हो."

"मग त्यांले सांगा, जमिनीवरच काढा."

डोपचा पहिला हात दिला आणि तासाभरात सगळं सुकाणू दह्यासारखं पांढरं पडलं. ओल ब्याऐंशी. रावसाहेब त्याच्याकडे बघत मोड्यावर बसून राहिले. इतक्या वर्षांत त्यांना असं हात मांडीवर ठेवून बसलेलं मी पाहिलं नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पिंकी बँकेतून आली. दारातूनच एकदा सुकाणूकडे, एकदा बापाकडे पाहिलं. "पापा, एसी उतार लो."

"कोणचा?"

"मेरे कमरे वाला. खिड़की में फिट हो जाएगा यहाँ. हवा सूखी करता है न?"

"अन् तू झोपशील कुठं?"

"पंखे में. मर थोड़ी जाऊँगी."

तो एसी तिनं स्वतःच्या पहिल्या पगारांतून घेतला होता. दुसऱ्या दिवशी तो गॅरेजच्या खिडकीत बसला, खाचा कापडाच्या तुकड्यांनी बुजवल्या, आणि ओल छपन्नवर आली. पुढचे दहा दिवस मेश्रामांच्या घरात विमानाला एसी आणि माणसांना घाम होता. पांढरा पडलेला हात उतरवून पुन्हा पहिला हात दिला. मी संस्थेतून रजा काढली. कारणाच्या रकान्यात 'कौटुंबिक' लिहिलं आणि रेगमाल धरला. फासळ्यांच्या कडांवर रावसाहेब मला घासू देत नसत. मधलं मोकळं मैदान माझं. तेही घासून झालं की ते डोळे मिटून बोटांनी तपासत आणि 'इथं' म्हणत. 'इथं' म्हणजे पुन्हा.

याच दिवसांत मंडळाचा गणेशोत्सव आला. मांडवाच्या प्रवेशद्वाराशी दहा फुटी फ्लेक्स लागला होता: त्यावर आमच्या सुकाणूचा फोटो, सूर्य-समई-पुस्तकासकट, अकराही नावं ठळक. फोटो निघाला होता. सुकाणू कापलं गेल्याचं मी लक्ष्मीकांतरावांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, काही हरकत नाही. फ्लेक्स वॉटरप्रूफ आहे." दर्शनाला आलेले लोक फ्लेक्ससमोर उभे राहून फोटो काढून घेत होते. विमान कुठं आहे असं मात्र कुणी विचारलं नाही. मी त्या रात्रीच्या आरतीला न थांबता घरी आलो, आणि दुसऱ्या दिवशी कुटुंबसूची काढून दोनशे तेरावं घर शाईनं लिहिलं. रावसाहेबांना दाखवायला नेलं. त्यांनी पाहिलं, आणि वही डोपच्या डब्याजवळ ठेवू नका म्हणाले.

चंदेरीचे तीन हात झाले तेव्हा भर दुपारी गॅरेजचं शटर खाली ओढून त्यांनी सुकाणूमागे शंभरचा दिवा धरला. चंदेरी नीट बसली असेल तर पलीकडे उजेड दिसत नाही. अंधारात मला एक बारीक ठिपका दिसला, मग दुसरा.

"वा! चांदण्यासारखं दिसतंय," मी म्हटलं.

"भोकं आहेत," रावसाहेब म्हणाले, आणि काडीच्या टोकाला चंदेरी लावून एकेक चांदणी बुजवली.

एकोणतीसला तपासनीस आले. गंभीर गृहस्थ. त्यांनी तीन चाकांखाली तीन काटे ठेवले, तिन्ही आकडे लिहिले, बेरीज केली, मग ती बेरीज आपल्याच सहायकाकडून पुन्हा करवली. आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे. पिंकीनं आईचा पदर धरला होता. सत्तावीस वर्षांची, बँकेतली अधिकारी.

"दो सौ नौ, सात सौ."

क्रमांकांच्या अक्षरांसकट, दोनशे दहाच्या आत तीनशे ग्रॅमनं. शैलाताई आत निघून गेल्या आणि नळ सोडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. तपासनिसांनी सुकाणू बोटानं ढकललं. ते मधोमध येऊन थांबलं. त्यांनी पुन्हा ढकललं.

"कलर नहीं कराया?"

"वजन होता है, सर."

तपासनिसांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "हमारे यहाँ लोग पहले कलर कराते हैं, इंजन बाद में," ते म्हणाले आणि सही केली.

बाकीचे कागद यायला हिवाळा गेला. धुकं सरल्यावर, फेब्रुवारीच्या एका सकाळी, शहरापासून दोन तासांवरच्या एका साखर कारखान्याच्या जुन्या धावपट्टीवर विमान नेलं. पंख ट्रकमध्ये, शेपूट गाद्यांत गुंडाळून. उडवायला रावसाहेबांच्या केंद्रातले एक निवृत्त प्रशिक्षक आले होते. रावसाहेबांकडे परवाना नव्हता, आणि तो काढायचा त्यांनी कधी विचारही केला नाही. ते उभ्या आयुष्यात विमानात बसले नव्हते. लक्ष्मीकांतराव हार घेऊन आले होते. तो विमानाला घालायचा की पालकाला, यावर त्यांचा निर्णय झालेला नव्हता.

इंजिन सुरू झालं. विमान पट्टीवरून धावू लागलं, शेपूट उचललं, आणि मग चाकांखाली अचानक उजेड दिसला. मी ओरडलो. पिंकी नाचायला लागली. शैलाताईंनी दोन्ही हात तोंडावर धरले होते. उसाच्या शेतांवरून ते चंदेरी पाखरू वळलं. सुकाणू वळताना मला स्वच्छ दिसलं, जराही थरथरलं नाही. आणि उन्हाचा एक लखलखाट आमच्या डोळ्यांवर टाकून ते थेट डोक्यावरून गेलं. कारखान्याचे दोनशे मजूर टाळ्या वाजवत होते.

रावसाहेब मागे हात बांधून, मान वर करून उभे होते. हलले नव्हते. मला वाटलं, ज्याच्या हातांनी हे कापड आवळलं त्याच्या मनात या क्षणी काय चाललंय, ते एकदा तरी त्याच्याच तोंडून ऐकावं.

मी जवळ गेलो. "रावसाहेब, डोक्यावरून गेलं तेव्हा काय वाटलं हो?"

ते विमानावरची नजर न काढता म्हणाले, "डाव्या पंखाखाली चंदेरीचा एक ओघळ राहून गेला."